युबिक्विटस चिप: स्कॉटलंडच्या मातीतले जेवण

ग्लासगो शहराच्या पश्चिम भागात, विद्यापीठाला अगदी लागून, ॲश्टन लेन नावाची दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीतील ‘युबिक्विटस चिप’ या उपाहारगृहाला शहरातील लोक नुसते ‘चिप’ म्हणतात. रॉनी क्लाइड्सडेल यांनी १९७१ साली जवळच्याच रुथवेन लेनमध्ये ते सुरू केले आणि १९७६ साली सध्याच्या जागेत आणले. पन्नास वर्षे उलटून गेली तरी त्याचा मूळ आग्रह कायम आहे: स्कॉटलंडमध्ये जे पिकते, चरते आणि समुद्रातून निघते त्यालाच स्वयंपाकात पहिला मान द्यायचा, घराघरांतील जुन्या पदार्थांना आजच्या काळाला साजेसे रूप द्यायचे आणि जिन्नस कोठून आला हे जेवणाऱ्याला सांगायचे. ग्लासगो विद्यापीठात संशोधन करणारी आमची लेक गेल्या सप्टेंबरात मला आणि माझ्या यजमानांना तेथे घेऊन गेली. एका प्रदेशाचे हवामान, जमीन आणि समुद्र इतक्या स्पष्टपणे ताटात उतरलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते, म्हणून ते जेवण आरंभापासून शेवटपर्यंत सविस्तर लिहून ठेवत आहे.

या उपाहारगृहाचे मोल कळायचे तर १९७१ सालची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. त्या काळी ब्रिटनमध्ये प्रतिष्ठेच्या जेवणाचा अर्थ फ्रेंच जेवण असा होता. मोठ्या हॉटेलांतील पदार्थांची यादीसुद्धा बहुधा फ्रेंच भाषेत छापलेली असे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची उत्तम कोळंबी, जिला तेथे लँगुस्टीन म्हणतात, ती स्पेन आणि फ्रान्सकडे जात असे, आणि आजही तिचा मोठा वाटा तिकडेच जातो. हॅगिस, ओटचे पदार्थ, धुरी दिलेला मासा, सलगम आणि बटाटा हे सारे घरात खाण्याचे पदार्थ मानले जात. पाहुण्यांना बाहेर जेवायला न्यायचे तेव्हा त्यांची आठवण कोणी काढत नसे. क्लाइड्सडेल यांनी हेच घरचे अन्न स्वच्छ पांढऱ्या ताटात मांडून, अभिमानाने त्याचे नाव-गाव सांगून लोकांपुढे ठेवले. जाण्यापूर्वी हे सारे वाचताना मला माझे सांगलीतील बालपण आठवल्यावाचून राहिले नाही. आम्ही बाहेर जेवायला जात असू तेव्हा पंजाबी भाज्या आणि नान मागवत असू. आईच्या हातचा भरडा, अंबाडीची भाजी किंवा ज्वारीच्या कण्या उपाहारगृहात मागाव्यात असे कोणाच्या मनातही येत नसे. ज्या माणसाने स्कॉटलंडमध्ये ती सवय मोडायला घेतली, त्याच्याविषयी मला त्या उपाहारगृहात जाण्यापूर्वीच आदर वाटत होता.

टेबल लेकीने आधीच राखून ठेवले होते. यजमान पूर्ण शाकाहारी आहेत, हे तिने त्याच वेळी कळवले. ब्रिटनमध्ये अन्नातील १४ ठरावीक घटकांची माहिती ग्राहकाला देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांत शेंगदाणे, तीळ, दूध, गव्हासारखी ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर इत्यादींचा समावेश होतो. त्यामुळे ‘यात काय आहे’ असे विचारणे तेथे कोणाला आगाऊपणाचे वाटत नाही. आपल्याकडून परदेशी गेलेली शाकाहारी मंडळी संकोचाने विचारत नाहीत आणि मग नुसत्या पाव-बटाट्यावर वेळ निभावून नेतात. तसे करण्याचे काहीच कारण नाही.

आम्ही शहराच्या मध्यभागातून भुयारी रेल्वेने गेलो. ग्लासगोची ही रेल्वे १८९६ साली सुरू झाली आणि लंडन व बुडापेस्ट यांच्यानंतर ती जगातील सर्वांत जुनी भुयारी रेल्वे मानली जाते. तिचा मार्ग एका वर्तुळाचा असून त्यावर पंधरा स्थानके आहेत. आम्ही उतरलो त्या हिलहेड स्थानकात चित्रकार आणि लेखक ॲलस्डेअर ग्रे यांनी रेखाटलेले, या परिसराचे दर्शन घडवणारे मोठे भित्तिचित्र २०१२ सालापासून आहे. ‘चिप’च्या भिंतींवरही ग्रे यांचीच चित्रे आहेत. १९३४ ते २०१९ असे दीर्घ आयुष्य लाभलेला हा कलावंत ग्लासगोचाच. त्याच्या हातचे एक चित्र स्थानकात आणि दुसरे जेवणघरात पाहायला मिळाले, तेव्हा हे उपाहारगृह या वस्तीच्या जीवनात किती मुरलेले आहे ते मला जाणवले.

आत गेल्यावर प्रथम दिसते ते अंगण. वर काचेचे छत, खाली दगडी जमीन आणि चहूकडे हिरवीगार झाडे. वरच्या मजल्याच्या कठड्यावरून वेली खाली लोंबत आलेल्या. सप्टेंबरात तेथे सूर्य साधारण साडेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आम्ही बसलो तेव्हा छतातून अजून उजेड येत होता. कोणी कोट-टाय घातलेला होता, कोणी साध्या स्वेटरमध्ये होता. शेजारच्या टेबलावर एक आजी आपल्या नातवंडांसह बसल्या होत्या. जागा जुनी आणि नावाजलेली असूनही तेथे बुजायला होत नाही, हा तिचा मोठा गुण आहे.

पाणी मागितले तेव्हा नळाचे पाणी काचेच्या बाटलीतून आले, आणि लेकीने ते आवर्जून प्यायला सांगितले. ग्लासगोचे पाणी शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतल्या लॉक कॅट्रिन या सरोवरातून येते. ती पाणीयोजना राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते १८५९ साली सुरू झाली. पाणी मऊ आहे, त्याला कसलाही वास नाही, आणि त्या जेवणाबरोबर मला दुसऱ्या कोणत्याही पेयाची गरज शेवटपर्यंत भासली नाही.

मग पदार्थांची यादी हातात आली. ती वाचायला मला बराच वेळ लागला आणि वाढणाऱ्या तरुणीने तो वेळ शांतपणे दिला. बहुतेक पदार्थांच्या नावात एखादे गाव, बेट किंवा परगणा होता. मासा स्क्रॅब्स्टरचा, मेंढी शेटलंडची, चीज लॅनार्कशायरचे. लेकीने फोनवर नकाशा उघडला आणि मी एकेक नाव त्यावर शोधत गेले. स्क्रॅब्स्टर हे स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदी उत्तर टोकाचे मासेमारीचे बंदर. शेटलंड त्याच्याही पलीकडे, उत्तर समुद्र आणि अटलांटिक यांच्या मधोमध पसरलेला द्वीपसमूह. गावाचे नाव छापले की स्वयंपाकघरावर जबाबदारी येते. ‘मासा’ असे मोघम लिहिले तर कोणताही मासा चालतो. ‘स्क्रॅब्स्टरचा हेक’ असे लिहिले की त्या बंदरात त्या दिवशी हेक उतरला नसेल तर यादी बदलावी लागते. हा आग्रह पाच दशके निभावणे सोपे नाही. आज जगभरातील उपाहारगृहे जिन्नसांची गावे सांगतात, पण ‘चिप’ने हा रिवाज पाडला तेव्हा ती रूढ गोष्ट नव्हती.

पहिला पदार्थ मी निवडला तो हरणाच्या मांसाचे हॅगिस. हा या घराचा सर्वांत जुना आणि प्रसिद्ध पदार्थ आहे. हॅगिस म्हणजे पारंपरिक पद्धतीने मेंढीचे काळीज, हृदय आणि फुप्फुसे उकडून बारीक करायची, त्यांत कांदा, चरबी, भाजलेले ओट, मीठ आणि भरपूर मिरी घालायची आणि हे मिश्रण मेंढीच्याच जठरात भरून, तोंड शिवून पुन्हा शिजवायचे. रॉबर्ट बर्न्स या राष्ट्रकवीने अठराव्या शतकात हॅगिसवर कविता केली. दर वर्षी २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, स्कॉटिश लोक जगभर एकत्र जमून ती कविता म्हणतात आणि मग सुरीने हॅगिस कापतात. अमेरिकेने १९७१ साली, म्हणजे ‘चिप’ सुरू झाले त्याच वर्षी, अन्नात मेंढीची फुप्फुसे वापरण्यास बंदी केली. त्यामुळे अस्सल पारंपरिक हॅगिस तेथे आजही विकता येत नाही.

हॅगिसविषयी ऐकून नाक मुरडणारे अनेक जण मला भेटले आहेत. पण आमच्या पश्चिम महाराष्ट्रात बकरे कापल्यावर वजडी, काळीज, मुंडी, रक्ती यांतले काहीही वाया जात नाही, आणि चुलीवर मसाल्यात शिजलेल्या वजडीची वाट पाहणारी माणसे घरोघरी असतात. हॅगिस हे त्याच काटकसरीचे आणि त्याच जाणतेपणाचे अपत्य आहे. जनावर मारले तर त्याचा पूर्ण उपयोग करावा, आणि थोड्या मांसाला धान्याची जोड देऊन ते घरातल्या सगळ्यांना पुरवावे, हा त्यामागचा विचार मला जन्मापासून परिचयाचा होता.

‘चिप’मध्ये मेंढीऐवजी हरीण आले, यालाही कारण आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात तांबड्या हरणांची संख्या फार मोठी आहे. त्यांची शिकार करणारे लांडगे काही शतकांपूर्वीच नामशेष झाले, त्यामुळे हरणांना आता नैसर्गिक शत्रू उरलेला नाही. ती कोवळी रोपे खाऊन टाकतात आणि मूळची जंगले पुन्हा उगवू शकत नाहीत. म्हणून दर वर्षी ठरवून त्यांची संख्या कमी करावी लागते. हे मांस रानातले, बंदिस्त गोठ्यात न वाढलेल्या जनावराचे असते आणि त्यात चरबी अतिशय कमी असते. नुसते भाजले तर ते लवकर कोरडे पडते, परंतु हॅगिसमध्ये ओट आणि चरबी त्याला ओलावा देतात. हरणाचे मांस आणि हॅगिस यांची ही जोडी चमत्कृतीसाठी जुळवलेली नाही, हे पहिल्याच घासाला लक्षात येते.

ताटलीत मध्यभागी हॅगिसची लहानशी मूद होती, रंग गडद तपकिरी. खाली घोटलेल्या बटाट्याचा थर आणि भोवती सलगमाची मऊ, फिकट केशरी साय. तेथे सलगम म्हणून जो खातात तो पिवळ्या गराचा, मोठा आणि गोडसर असतो. पहिल्या घासाला ओटचा खमंगपणा आला, मग मिरीचा झणका, आणि त्यानंतर रानमांसाची खोल, किंचित लोहाची चव. ओटचे दाणे पिठासारखे विरघळलेले नव्हते. दाताखाली एकेक कणी वेगळी लागत होती, आणि या पदार्थाचे सारे यश त्या कणीत आहे असे मला वाटते. सलगमाचा गोडवा मिरीला आवर घालत होता. उग्र वास येईल अशी भीती मनात बाळगून कोणी हा पदार्थ टाळू नये, कारण तसा वास तिळमात्र नव्हता. मी ती ताटली सावकाश, शेवटच्या कणीपर्यंत संपवली.

यजमानांसाठी शाकाहारी हॅगिस आले. शाकाहारी हॅगिस ही कल्पना ऐकून आपल्याला ती अलीकडची तडजोड वाटते, परंतु तिला चांगला चार दशकांचा इतिहास आहे. एडिनबरातील मॅक्स्वीन या हॅगिस बनवणाऱ्या घराण्याने १९८४ साली स्कॉटिश पोएट्री लायब्ररीच्या उद्घाटनासाठी ते तयार केले आणि पुढे ते बाजारात आणले. त्यात ओटबरोबर डाळी, घेवड्यासारखी कडधान्ये, मशरूम, गाजर, सलगम आणि तीच मिरी असते. यजमानांनी मला एक घास दिला. मांस नसले तरी हॅगिसचा स्वभाव त्यात पूर्ण उतरला होता, कारण तो स्वभाव मुळात ओट आणि मिरी यांचा आहे. ते म्हणाले, “हे नाइलाजाने केलेले वाटत नाही.” परदेशांतील उपाहारगृहांत शाकाहारी माणसाला असे म्हणायची संधी फार वेळा मिळत नाही.

लेकीने पश्चिम किनाऱ्यावरची स्कॅलप मागवली होती. ही मोठ्या शिंपल्यातील पांढरी, गोल गादी तव्यावर अगदी थोडा वेळ भाजलेली असते. स्कॅलप दोन रीतींनी काढतात: एक म्हणजे लोखंडी जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेऊन, आणि दुसरी म्हणजे पाणबुड्याने खाली जाऊन, हाताने एकेक निवडून. पहिल्या रीतीत तळावरची सगळी जीवसृष्टी खरवडली जाते. दुसरी रीत महाग पडते, परंतु तिच्यात तळ शाबूत राहतो आणि शिंपल्यात वाळूही कमी जाते. वाढणाऱ्या तरुणीने विचारल्यावर हा फरक नीट समजावून सांगितला. तिला आपल्या स्वयंपाकघरातील अन्नाची खडान्‌खडा माहिती होती, आणि ती सांगताना तिचा चेहरा खुलत होता.

मुख्य जेवणात मी हेक घेतला. जाड, पांढरा तुकडा, वरची कातडी कुरकुरीत, आत सुरीच्या हलक्या दाबाने पाकळ्या सुटतील असा. त्याखाली क्लॅपशॉट होते. हा मूळचा ऑर्क्नी बेटांवरचा पदार्थ: सलगम आणि बटाटे एकत्र उकडून, लोणी आणि कांद्याच्या पातीसारखी हिरवी पात घालून घोटायचे. कोकणातले नातेवाईक असल्यामुळे मासा मला ओळखीचा, पण तो नेहमी आंबट-तिखटाच्या संगतीत. येथे मिठापलीकडे जवळजवळ काहीच नव्हते, आणि सुरुवातीचे दोन-तीन घास माझी जीभ चिंच-कोकम शोधत राहिली. मग मात्र माशाची स्वतःची गोडी कळू लागली. थंड पाण्यातला मासा हळू वाढतो, त्याचे मांस घट्ट राहते, आणि ताजा असला तर त्याला झाकण्याची गरज नसते. आपल्या सारस्वत किंवा मालवणी हाताला हे धाडस वाटेल. मला ते पटले.

लेकीच्या ताटात शेटलंडची मेंढी होती. त्या बेटांवरच्या मूळ जातीची ही लहान चणीची मेंढी वाऱ्याने झोडपलेल्या माळावर हेदर नावाचे रानझुडूप आणि गवत चरते, काही कळप किनाऱ्यावरचे समुद्री शेवाळही खातात. तिच्या मांसाला युरोपीय संघाने दिलेले भौगोलिक मूळनावाचे संरक्षण आहे, जसे आपल्याकडे रत्नागिरी हापूसला भौगोलिक मानांकन आहे. यजमानांसाठी बार्ली आणि रानमशरूम यांचा दाट, मऊ पदार्थ आला. त्याविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही, एवढेच की तो गरम होता, पोटभर होता आणि त्यांनी तो आवडीने खाल्ला.

दोन वाढण्यांच्या मध्ये बरीच उसंत होती. कोणी घाईने ताटल्या उचलल्या नाहीत. मी त्या वेळात उठून जिन्यावरची चित्रे पाहून आले.

गोडासाठी आम्ही तिघांनीही एकच पदार्थ मागवला: कॅलिडोनियन ओटमील आइस्क्रीम. हाही या घराचा जुना, ओळखीचा पदार्थ. मला विचाराल तर ‘चिप’चा सगळा विचार या एका वाटीत साठवलेला आहे. स्कॉटलंडचा उन्हाळा छोटा आणि थंड, पाऊस भरपूर. अशा हवेत देशाच्या मोठ्या भागात गहू नीट पिकत नसे, पण ओट तग धरून राहत. म्हणून कित्येक शतके तेथील सामान्य माणसाचे पोट ओटने भरले: सकाळी लापशी, कामावर नेण्यासाठी ओटच्या कडक भाकऱ्या, सूप दाट करायला ओट आणि हॅगिसमध्येही ओट. इंग्लंडमध्ये ज्याला घोड्याचे धान्य म्हणून हिणवले गेले, त्याच धान्याला येथे भोजनाच्या शेवटी मानाचे पान मिळाले आहे. जाडसर दळलेले ओट खमंग परतून घट्ट सायीच्या आइस्क्रीममध्ये मिसळलेले असतात. थंड सायीतून ती भाजकी, किंचित खारट वाटावी अशी कणी दाताखाली येते आणि चघळता चघळता दुधाळ होत जाते. सोबत आंबट-गोड फळांचा पाक होता. त्या हंगामात तेथे काळ्या रानबेरी पिकतात आणि पर्थशायर-अँगस भागातील रासबेरींचा बहर ओसरत आलेला असतो. आइस्क्रीम म्हटले की अतिगोड असणार ही आपली सवयीची अपेक्षा. येथे साखर बेताची होती, त्यामुळे धान्याची चव शेवटपर्यंत जिभेवर राहिली. मी हॅगिस विसरेन, पण हे आइस्क्रीम विसरणार नाही.

जेवणाच्या शेवटी चीज खाण्याची तिकडे पद्धत आहे. आमची पोटे भरली होती, तरी लेकीच्या आग्रहाने एक लहान ताटली आम्ही वाटून घेतली, ती लॅनार्क ब्लू या चीजसाठी. हे मेंढीच्या कच्च्या दुधापासून केलेले, निळ्या बुरशीच्या रेषा असलेले चीज हम्फ्री एरिंग्टन यांनी १९८० च्या दशकात लॅनार्कशायरमधील आपल्या शेतावर बनवायला सुरुवात केली. १९९५ साली स्थानिक प्रशासनाने ते आरोग्याला धोकादायक ठरवून नष्ट करायला काढले, तेव्हा त्यांनी न्यायालयात लढा दिला आणि तो जिंकला. कच्च्या दुधाचे चीज करणाऱ्या छोट्या उत्पादकांना त्या निकालाने धीर दिला. चव तीव्र, खारट आणि थोडी झोंबणारी आहे. ओटच्या बिस्किटावर लहानसा तुकडा ठेवून खाल्ला की ती पेलते. यजमानांना मात्र ती मुळीच झेपली नाही. ज्यांना प्राण्याचे रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वासराच्या वगैरे जठरातून काढलेले विरजण, चालत नाही अशा शाकाहारी मंडळींनी कोणतेही चीज घेण्यापूर्वी त्याविषयी विचारून घ्यावे, हे त्या निमित्ताने सांगते.

शेवटी व्हिस्की. मी एरवी घेत नाही, परंतु जो पदार्थ या देशाने जगाला दिला त्याची चव त्याच्याच घरी घ्यावी असे ठरवले होते. यादी लांबलचक होती. वाढणाऱ्या तरुणीने एवढेच विचारले की गोडसर हवी की धुराची. मी धुराची म्हणाले आणि आयला बेटावरची एक सिंगल माल्ट आली. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या बार्लीपासून काढलेली व्हिस्की. स्कॉच हे नाव लावायचे तर ती स्कॉटलंडमध्येच, ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरलेली असावी लागते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते. आयलावर झाडे कमी. तेथे इंधन म्हणून पीट जाळत. पीट म्हणजे पाणथळ जमिनीत हजारो वर्षे साचून कुजलेल्या वनस्पतींचा थर, वीटेसारखा कापून वाळवलेला. मोड आलेली बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात आणि तो धूर व्हिस्कीत उतरतो. ब्रिटनमध्ये एक माप २५ किंवा ३५ मिलिलिटरचे असते. त्यात थोडे पाणी घालून वास घ्यायला तिने सांगितले. पाणी पडताच वास मोकळा झाला: ओला धूर, समुद्राचा खारा वारा आणि दूरवर मधासारखे काहीतरी. मी तीन-चार घोट घेतले, उरलेली लेकीने संपवली.

बिल लहान नव्हते. भारतीय रुपयांत हिशेब केला तर मन बिचकते, म्हणून तो करू नये; पण जे ताटात आले त्याच्या मोबदल्यात ते मला रास्त वाटले. सेवेसाठी द्यायच्या रकमेविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ग्राहकांनी दिलेली टिप आणि सेवाशुल्क मालकाने पूर्णपणे कामगारांमध्येच न्याय्य रीतीने वाटले पाहिजे. त्यामुळे ती रक्कम आम्ही आनंदाने दिली. त्या तरुणीने आमच्यासाठी केलेले कष्ट केवळ ताटल्या आणून ठेवण्याचे नव्हते.

रॉनी क्लाइड्सडेल २०१० साली वारले. त्यांच्यानंतर मुलगा कॉलिन आणि सून कॅरल राइट यांनी हे घर चालवले आणि २०२२ साली ते ग्रीन किंग या मोठ्या मद्य व उपाहारगृह कंपनीच्या मेट्रोपॉलिटन शाखेला विकले. कुटुंबाच्या हातातून कंपनीच्या हातात गेलेल्या घरांचे काय होते, याची मला जाण्यापूर्वी चिंता होती. हरणाचे हॅगिस, ओटचे आइस्क्रीम, भिंतीवरची चित्रे आणि जिन्नसाचे गाव सांगण्याची रीत, यांतले काही हरवलेले मला त्या संध्याकाळी दिसले नाही. ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्या घरात एका लोकसमूहाने स्वतःच्या अन्नाकडे पुन्हा आदराने पाहायला सुरुवात केली, ते घर केवळ व्यवहाराची बाब राहत नाही.

जे जाणार असतील त्यांच्यासाठी थोडे. अंगणातील टेबल मिळावे असे आरक्षण करतानाच सांगावे. खर्च आटोपशीर ठेवायचा असेल तर वरच्या मजल्यावर साधे, कमी खर्चिक जेवण मिळते. बर्न्सच्या जन्मदिवसाच्या सुमारास जायचे असेल तर आरक्षण पुष्कळ आधी करावे. हॅगिस पहिल्या वाढण्यालाच मागवावे, मुख्य जेवण म्हणून नाही, कारण ओट पोटात फुगतात आणि मग गोडाला जागा राहत नाही.